शैली देशाची की प्रशिक्षकाची?

ठाणे/ प्रतिनिधी

नेरूळचे डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम २५ ऑक्टोबर २०१७च्या रात्री दोन शैलींच्या लढतीचे साक्षीदार ठरले. सतरा वर्षांखालील विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत छोट्या पासांची साखळी विणणारा स्पेन आणि वेग व ताकदीवर मुसंडी मारणारा माली समोरासमोर होते. ठाणे जिल्ह्याच्या भूमीवरील हा सामना स्पेनने ३-१ असा जिंकला. मात्र तीनच दिवसांनी, कोलकात्यातील अंतिम सामन्यात, २-० अशी आघाडी घेऊनही स्पेन इंग्लंडकडून ५-२ असा पराभूत झाला. विशेष म्हणजे, उंच आणि लांब चेंडू टोलवणारा संघ अशी पिढ्यान् पिढ्या ओळख असलेल्या इंग्लंडची ही मुले चेंडू जमिनीवर ठेवून खेळली. देशाची ‘ओळख’ अशी बदलता येते का, आणि येत असेल तर भारताने कोणती स्वीकारावी, हे प्रश्न त्या निकालाने पुढे आणले.

घडवलेली ओळख

फुटबॉलमधील राष्ट्रीय शैली रक्तातून येते, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ब्राझीलने १९५८चा विश्वचषक चार बचावपटू, दोन मधल्या फळीत आणि चार आघाडीवर अशा ४-२-४ रचनेने जिंकला. त्या रचनेच्या जडणघडणीत हंगेरियन प्रशिक्षकांचाही वाटा होता. त्यांपैकी बेला गुटमन १९५७मध्ये साओ पावलो क्लबचे प्रशिक्षक होते. इटलीचा अभेद्य बचाव जगप्रसिद्ध झाला खरा, पण त्याचे मूळ ऑस्ट्रियाच्या कार्ल राप्पान यांनी १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रुजवलेल्या पद्धतीत सापडते. स्पेनचा संघ तर एके काळी आवेशी, अंगावर जाणाऱ्या खेळासाठी ओळखला जाई. लुईस आरागोनेस यांनी लहान चणीच्या, कुशल मध्यरक्षकांवर विश्वास टाकला आणि २००८च्या युरो विजयानंतर ‘स्पॅनिश शैली’ म्हणजे छोटे पास असे समीकरण झाले.

इंग्लंडचे परिवर्तनही योगायोगाने घडले नाही. तेथील फुटबॉल संघटनेने डिसेंबर २०१४मध्ये सर्व वयोगटांतील राष्ट्रीय संघांसाठी खेळाचा एकच आराखडा जाहीर केला. कोलकात्याचा विजय हे त्याचे दृश्य फळ.

ओळखीचे ओझे

मात्र ओळख एकदा ठरली की ती ओझेही होते. २०१८च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले आणि तरीही पेनल्टी शूटआऊटमध्ये सामना गमावला. प्रतिस्पर्ध्याने दहा जण गोलपुढे उभे केले, तर निव्वळ पासांनी वाट फुटत नाही. २०२४च्या युरोमध्ये स्पेनने लामिन यमाल आणि निको विल्यम्स या वेगवान विंगर्सना मोकळीक दिली आणि अंतिम सामन्यात इंग्लंडलाच २-१ असे हरवले. पासांचा पाया कायम राहिला. त्यावरची रचना बदलली. ब्राझीलनेही मे २०२५मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे कार्लो अँचेलोत्ती या इटालियन प्रशिक्षकाकडे सोपवली.

रहीमसाहेबांचा धडा

भारताला हा धडा नवा नाही. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणी खेळ ही भारतीय फुटबॉलची ठळक खूण होती, पण ती सोडल्याने कौशल्य गेले नाही. चारच वर्षांनी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांच्या हॅट्ट्रिकने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले आणि भारत चौथा आला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी ४-२-४ रचना भारतीय खेळाडूंच्या अंगवळणी पाडली. १९६२मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. रहीम १९५० पासून संघाशी निगडित होते. त्या यशामागे हे सातत्य होते.

अलीकडच्या काळात नेमके तेच हरवले. स्टीफन कॉन्स्टंटाईन यांचा थेट, प्रतिहल्ल्याचा खेळ २०१९मध्ये संपला. इगोर स्टिमॅक यांनी मागून पास देत खेळ उभारण्याचा प्रयत्न केला. २०२४च्या जानेवारीत कतारमधील आशियाई चषकात तिन्ही सामन्यांत एकही गोल झाला नाही आणि जूनमध्ये त्यांना दूर करण्यात आले. त्यांच्यानंतरचे मानोलो मार्केझ वर्षभरच टिकले. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील आले. म्हणजे चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून हरून २०२७च्या आशियाई चषकाची वाटही बंद झाली.

टर्फच्या जाळीत

शैलीची खरी पेरणी वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी होते, आणि येथे ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा संबंध येतो. या शहरांत मोकळी मैदाने थोडी आणि त्यांवर पहिला हक्क क्रिकेटचा. पावसाळ्यात चिखल होतो. त्यामुळे अनेक मुलांचे फुटबॉल तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या, जाळीने वेढलेल्या टर्फवर घडते. पाच-सहा जणांच्या खेळात पाय चपळ होतात, छोटे पास जमतात. पण मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चेंडू पाठवणे, ऑफसाइडचे भान ठेवणे, चार जणांनी मिळून बचावफळी सांभाळणे हे पूर्ण मैदानाशिवाय शिकता येत नाही. स्पेनची नक्कल करायची की इंग्लंडची, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. प्रशिक्षक बदलला तरी न बदलणारा आराखडा आणि तो गिरवायला पूर्ण आकाराचे मैदान या दोन गोष्टी मिळाल्या, तरच भारताची म्हणावी अशी शैली उभी राहील.