खर्जाचा स्वर हरवतो कोठें?
(नभोवाणीवरील भाषण)



भजन असो, कीर्तन असो, कीं लग्नमांडवांतील गाणें असो, ध्वनिक्षेपकाच्या खोक्यांतून तें ऐकतांना एक तक्रार बहुधा सर्वांच्याच तोंडीं येते : आवाज मोठा आहे, पण भरदार नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत आर्णी आणि उमरखेड यांच्या दरम्यान वसलेल्या महागावासारख्या गावीं ही उणीव विशेष जाणवावी, असें तेथल्या संगीताचें स्वरूप आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीवर गाइलेलें भजन या प्रांतांत घरोघर रुजलें. खंजिरीचा छणत्कार आणि टाळांचा नाद खोक्यांतून लखलखीत बाहेर येतो. परंतु ढोलकीची धूम किंवा डग्ग्याचा घुमारा मात्र वाटेंतच विरून जातो. मग कोणी तरी उठून आवाजाचें बटण पिळतो. खर्जाची उणीव तशीच राहते. टाळ मात्र कान फाडूं लागतात.

हा दोष पुष्कळदां वाजविणाऱ्याचा नसतो, आणि यंत्र हलकें असल्याचाहि नसतो. तो ध्वनीच्या एका साध्या नियमाचा परिणाम आहे, आणि दोनचार वस्तूंच्या साह्यानें तो बराचसा दूर करतां येतो. तें कसें, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम खोक्याच्या आंत काय असतें तें पाहूं. चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें लहानसें वेटोळें हलतें आणि त्यास जोडलेला कागदी शंकु हवेला हेलकावे देतो. १९२५ सालीं अमेरिकेंत राइस आणि केलॉग या दोघांनीं मांडलेल्या या रचनेच्या तत्त्वावरच आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक चालतात. सर्व स्वर एकाच शंकूला सारखे पेलत नाहींत. म्हणून खालच्या स्वरांसाठीं मोठा शंकु, म्हणजे वूफर, आणि वरच्या स्वरांसाठीं लहान, म्हणजे ट्विटर, अशी वांटणी करतात. ही वांटणी करणाऱ्या विद्युत्‌-मंडलास क्रॉसओव्हर म्हणतात. त्यांतील मर्म एवढेंच कीं, तारेची कॉईल जलद कंपनांना अडविते, आणि कंडेन्सर मंद कंपनांना अडवितो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४५ मीटर जातो. सेकंदास २,००० कंपनें असलेल्या स्वराची एक लहर म्हणजे जेमतेम १७ सेंटिमीटर. १०० कंपनांच्या स्वराची लहर मात्र साडेतीन मीटरांजवळ जाते. आपल्या खोक्याची पुढली फळी २० सेंटिमीटर रुंद आहे असें समजा. आखूड लहरींना ही फळी भिंतीसारखी भासते आणि त्यांचा सगळा जोर श्रोत्यांच्या बाजूस फेंकला जातो. लांब लहरींच्या हिशेबीं ती फळी जणूं नाहींच. त्या कडांना वळसा घालून खोक्याच्या मागेंहि पसरतात. तळ्यांत रोवलेल्या खुंटावर बारीक तरंग आपटून परततात, पण मोठी लाट त्यास वळसा घालून पुढें जाते, तसाच हा प्रकार आहे. परिणाम असा होतो कीं, भोंवतीं भिंती नसतील तर समोर बसलेल्यास खर्जाचे स्वर ६ डेसिबेलनें, म्हणजे ध्वनीच्या दाबांत निम्म्यानें, कमी मिळतात. खोलींत भिंतींवरून कांहीं भाग परत येतो, म्हणून तेथें ही तूट साधारण ३ ते ४ डेसिबेल धरावी.

ही उतरण कोठें लागते, हें काढण्याचा हिशेब सोपा आहे : ११५ या संख्येस फळीच्या मीटरमधील रुंदीनें भागावें. ०·२० मीटर रुंदीच्या फळीसाठीं उत्तर ५७५ येतें. या कंपनसंख्येच्या आसपास उतरणीचा मध्य असतो.

उपाय योजण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य तपासाव्या. त्यांस पैसाहि लागत नाहीं. पहिली जोडणीची. दोन खोक्यांपैकीं एकाच्या तारा उलट लागल्या असतील, तर एक शंकु हवा पुढें ढकलीत असतांना दुसरा ती मागें ओढतो, आणि दोहोंच्या झगड्यांत खर्ज नाहींसा होतो. खोकें ॲम्प्लिफायरपासून सोडवून दीड व्होल्टचा घट वूफरच्या टोकांस क्षणभर लावून पाहावा. धन टोकास धन लावलें असतां दोन्ही शंकु बाहेरच आले पाहिजेत. दुसरी गोष्ट जागेची. खोकें मोकळ्या जागेंतून उचलून भिंतीलगत ठेवलें, कीं मागें पसरणारा खर्ज पुढें परततो.

एवढें करूनहि उणीव राहिली, तर क्रॉसओव्हरमधील सुधारणा हातीं घ्यावी. पुष्कळ स्वस्त खोक्यांत वूफरला कॉईल नसतेच. फक्त ट्विटरच्या मार्गांत एक कंडेन्सर असतो. अशा खोक्यांतील ८ ओमच्या वूफरकडे जाणारी धन तार तोडून तिच्या मध्यें १ मिलिहेन्रीची कॉईल बसवावी, आणि त्या कॉईलला समांतर ४·७ ओमचा, १० वॉटचा रोधक जोडावा. मंद कंपनांचा प्रवाह कॉईलमधून विनासायास जातो. जलद कंपनांना कॉईल दाद देत नाहीं. त्यांना रोधकांतून जावें लागतें, आणि तेथें तीं सुमारें ४ डेसिबेलनें खालीं येतात. २० सेंटिमीटरच्या फळीला हीं मूल्यें जुळतात. फळी अधिक रुंद असेल, तर कॉईल त्याच प्रमाणांत मोठी घ्यावी.

कॉईल घरीं करतां येते. महागावच्या भोंवतालीं शेतपंपांच्या मोटारींचें वायंडिंग करणाऱ्या कारागिराकडे १ मिलिमीटर जाडीची एनॅमलची तांब्याची तार मिळते. ३० मिलिमीटर व्यासाच्या आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या लाकडी रिळावर तिचे सुमारें १९० वेढे घट्ट घातले, कीं १ मिलिहेन्रीची कॉईल होते. तार २३ मीटरांच्या आसपास लागते आणि तिचा रोध साधारण अर्धा ओम भरतो. बारीक तार वापरूं नये. तिच्या रोधानें आपण जो खर्ज वांचवूं पाहतों, तोच खाल्ला जातो. रिळांत लोखंडी खिळा ठोकूं नये. रोधक तापतो, म्हणून तो खोक्यांतील कापसापासून दूर बसवावा.

वूफरचे वरचे स्वर खालीं आणले, म्हणजे ट्विटरलाहि तेवढेंच आवरलें पाहिजे. नाहीं तर टाळ अधिकच टोंचूं लागतील. ८ ओमच्या ट्विटरसाठीं कंडेन्सरनंतर ३ ओमचा रोधक मालिकेंत आणि सुमारें १४ ओमचा रोधक ट्विटरच्या दोन टोकांस समांतर जोडावा. या जोडीचें वैशिष्ट्य असें कीं, कंडेन्सरला पूर्वींप्रमाणें ८ ओमचाच भार दिसतो, आणि विभागणीची जागा ढळत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या सुधारणेनें खर्ज तिळभरहि वाढत नाहीं. मध्य आणि तार स्वरांचा जो अवाजवी वरचष्मा होता, तेवढाच ती काढून घेते. आणि बाकीचे खालीं बसले, म्हणजे खर्ज आपल्या जागीं दिसूं लागतो. एकूण आवाज थोडा उतरतो, तो बटणानें भरून काढावा. परंतु ज्या शंकूच्या किंवा खोक्याच्या अंगांत मुळांत खर्जच नाहीं, त्याला ही युक्ति तो देऊं शकणार नाहीं. देवळाच्या शिखरावर बांधलेल्या कर्ण्याला तर हा उपाय लागूच नाहीं. आखूड कर्णा बोलणें दूरवर पोंचविण्यासाठीं असतो, डग्ग्यासाठीं नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० आणि १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत दाखवून दिलें कीं, आपल्या मृदंग-तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत येतात, आणि हें साधतें तें पुडीवरील शाईच्या लेपामुळें. ज्या कारागिरांनीं अशीं सुरेल वाद्यें घडविलीं, त्यांचा अर्धा नाद खोक्याच्या कडेवरून वाया जावा, हें बरें नव्हे. शिवाय शेजारधर्माचाहि प्रश्न आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई केली आहे. पण दिवसाहि परीक्षेस बसलेलें मूल आणि अंथरुणास खिळलेलें माणूस त्याच आळींत राहतें. नाद भरदार असला, म्हणजे तो मोठा करण्याची गरज उरत नाहीं. डग्गा नीट ऐकूं आला, कीं बटणाकडे जाणारा हात आपोआप थांबतो. आणि भजन मंडपापुरतें राहूनहि मंडप भरून टाकतें.