खोलीच्या वर काय आहे?

शिराळ्यातून समुद्र गाठायचा तर कोकरूड, मलकापूर करत आंबा घाट उतरून रत्नागिरीला जावं लागतं. पाण्याचं तालुक्याला अप्रूप नाही. मोरणा गावाला लागून वाहते, वारणा तालुक्याच्या कडेने जाते, चांदोली धरणाचं पाणी दूरवर सह्याद्रीत शिरलेलं आहे. तरीही समुद्रावर रात्र काढलेली माणसं इथे कमीच. अलीकडे मात्र काशी, अष्टविनायक, चारधाम यांच्या बुकिंगसोबत क्रूझचीही चौकशी होऊ लागली आहे. मुंबईत स्थायिक झालेली मुलं नागपंचमीला गावी आली की आईवडिलांसाठी हा विषय काढतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष बुकिंग होतं ते दिवाळीनंतरचं. उसाचं पहिलं बिल खात्यावर पडायचे दिवसही तेच.

असं एक बुकिंग मी शेजारी बसून पाहिलं. गिऱ्हाईक म्हणजे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. बुकिंग करणारा पोरगा सरांचाच जुना विद्यार्थी. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्रींचा प्रवास. मुलाने फोनवरून सांगून ठेवलं होतं की आईला बाल्कनीचीच खोली हवी. सरांना ते पटत नव्हतं.

"दोन रात्रीसाठी एवढं पैसं कशाला रं? झोपायचंच हाय न्हवं?"

"सर, तुम्ही डेकवर फिराल. काकींचं गुडघं त्यांना फिरू देत न्हाईत. त्यांनी समुद्र बघायचा कुठनं?"

माझ्या मते बाल्कनी घ्यावी की नाही, याचा निकाल त्या एका प्रश्नात लागला. जहाजावर जेवण, नाटक, गाणी, पोहण्याचा तलाव यांत दिवस घालवणाऱ्या तरुण मंडळींना खोली लागते ती फक्त पाठ टेकायला. त्यांनी आतली, बिनखिडकीची खोली घेतली तरी काही बिघडत नाही. अंधार आणि शांतता असल्याने झोप उलट चांगली लागते. बाल्कनीचं भाडं वसूल होतं ते बसणाऱ्या माणसाकडून. आयुष्यभर सोप्यात बसून रस्ता बघणाऱ्या, गर्दीत न रमणाऱ्या, दहा पावलांवर दम लागणाऱ्या माणसासाठी ती चैन राहत नाही. त्याचा सगळा प्रवासच त्या चार फुटांत होणार असतो.

बाल्कनी घ्यायची हे ठरलं, पण खरं काम तिथून पुढे सुरू झालं.

पोराने जहाजाच्या मजल्यांचे नकाशे टेबलावर पसरले. इंटरनेटवरून छापून घेतलेले मोठे कागद, एकेका डेकला एकेक. प्रत्येक प्रकारच्या खोलीला वेगळा रंग. बहुतेक लोक इथे रंग बघतात, किंमत बघतात आणि बोट ठेवून मोकळे होतात. या पोराने फूटपट्टी काढली. लिफ्ट आणि जिने सगळ्या मजल्यांवर एकाच जागी असतात. त्या चौकोनांवर चौकोन जुळवून त्याने बाल्कनीच्या मजल्याचा कागद मधे, त्याच्या वरच्या मजल्याचा वर आणि खालच्या मजल्याचा खाली ठेवला. मग पट्टी उभी धरून एकेका खोलीवरून सरकवत नेली. पट्टीखाली वर काय येतंय, खाली काय येतंय, ते पेन्सिलीने मांडत गेला.

एका खोलीच्या बरोबर वर तलावाचा डेक आला. तिच्यावर फुली. पहाटे डेक धुतला जातो, आरामखुर्च्या ओढून रांगेत लावल्या जातात आणि लोखंडी छतातून तो आवाज थेट खाली उतरतो. दुसऱ्या एका खोलीच्या वर भोजनगृहाचा कोपरा होता. तिथे पहाटेपासून ट्रॉल्यांची ये-जा. तिच्यावरही फुली. तिसरीच्या खाली रात्री उशिरापर्यंत चालणारं संगीताचं दालन. गाण्याचे शब्द वर येत नाहीत, पण ढोलाचा ठोका उशाशी येतो. उरल्या त्या वरही खोल्या आणि खालीही खोल्या असलेल्या. त्यांतल्या दोन खोल्यांमध्ये नकाशावर बारीकशी खूण होती, म्हणजे आतून जोडणारं दार. एकत्र कुटुंबाला ते सोयीचं, परक्यांच्या शेजारात मात्र खोकल्यापासून टीव्हीपर्यंत सगळं ऐकू येतं. त्याही गेल्या.

सर इतका वेळ गप्प होते. आता चष्मा लावून पुढे झुकले आणि पट्टी स्वतःच्या हातात घेतली.

पुढचा प्रश्न मळमळीचा. काकींना गाडी लागते. कोकरूडच्या पुढे वळणं सुरू झाली की त्यांना एसटीत मधल्या सीटवर बसवावं लागतं, कारण मागच्या सीटवर प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो. जहाजाचंही तसंच. लाटेवर जहाजाचं नाक वर जातं, मग शेपूट वर येतं. मधल्या भागाजवळ ही हालचाल सगळ्यांत कमी. जितकं उंच जावं तितकं डोलणंही वाढतं. म्हणून बोट लागणाऱ्याने मधली आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. बाल्कन्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, तेव्हा त्यांतली सगळ्यांत खालची रांग धरायची. नाकाजवळच्या खोलीत नांगर पडताना साखळीचा खडखडाट होतो, शिवाय धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवणारे पंखे तिथेच फिरतात. शेपटाच्या बाल्कनीतून जहाजामागे उमटत जाणारा पांढरा पट्टा दिसतो, हौशी लोक त्यासाठी जादा पैसे मोजतात. काही जहाजांवर तिथे यंत्रांची थरथर जाणवते. काकींसाठी दोन्ही टोकं बाद.

लिफ्ट मात्र जवळ हवी. मुंबईहून सुटणारं 'एम्प्रेस' जहाज २११ मीटर लांब आहे. एका टोकाची खोली आणि दुसऱ्या टोकाचं भोजनगृह असा हिशेब दिवसातून तीनदा पडला तर गुडघे बोलणारच. अगदी लिफ्टला चिकटूनही नको, तिथे रात्रभर लोक गप्पा मारत उभे राहतात. चार-पाच दारं सोडून घ्यावी.

या जहाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाल्कनी इतकी महाग का, याचं उत्तर त्याच्या वयात आहे. १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नाझेर इथे ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलं गेलं, तेही मुद्दाम तीन-चार दिवसांच्या छोट्या सफरींसाठी. २०२१च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया' कंपनीच्या नावाने ते मुंबईहून धावू लागलं. १९८४च्या 'रॉयल प्रिन्सेस' जहाजाने सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला आणि त्यांतल्या बऱ्याच खोल्यांना बाल्कनी, असा पायंडा पाडला होता. तो सगळीकडे रुळायला मात्र पुढची बरीच वर्षं गेली. त्यामुळे १९९०च्या जहाजावर खिडकीच्या खोल्या भरपूर आणि बाल्कनीच्या मोजक्या. आज बांधल्या जाणाऱ्या प्रचंड जहाजांवर उलट स्थिती आहे. सिंगापूर किंवा अमेरिकेतल्या मुलांकडे जाऊन क्रूझ करणाऱ्या आपल्या मंडळींना तिथे बाल्कनी तुलनेने सहज मिळते. इथे ती लवकर सांगावी लागते.

मग आला बाजूचा प्रश्न. डावी की उजवी? बहुतेक जहाजांवर एका बाजूला सम आकड्यांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला विषम. नकाशावर बघून घ्यायचं. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, म्हणजे शहराच्या पूर्व अंगाला. जहाज बंदरातून दक्षिणेकडे निघतं तेव्हा गेटवे, ताज आणि कुलाब्याचं टोक उजव्या हाताला राहतं. सूर्य मावळतो तोही उजवीकडेच. गोव्याच्या वाटेवर कोकणचा किनारा डावीकडे असतो, पण जहाज खोल पाण्यातून जातं आणि वेळ रात्रीची, तेव्हा फार तर दूरचे दिवे दिसायचे. परतीला सगळं उलटं. जहाज उत्तरेकडे तोंड करून येतं, त्यामुळे सकाळी मुंबईच्या जवळ आल्यावर उजव्या बाजूला सूर्योदय. म्हणजे या फेरीत उजवी बाजू घेणाऱ्याला जाताना मावळतीचा आणि येताना उगवतीचा सूर्य. एवढं सरळ गणित प्रत्येक मार्गावर बसत नाही. या मार्गावर ते बसतं.

काकींनी लगेच विचारलं, "मग सूर्याला अर्घ्य तिथनंच देता येईल की?"

पोराने नम्रपणे नाही सांगितलं. कठड्याबाहेर काहीही टाकता येत नाही, पाणीसुद्धा. वारा ते खालच्या बाल्कनीत बसलेल्यांवर नेतो. साडी, टॉवेल कठड्यावर वाळत घालायचे नाहीत. जाताना दार उघडं ठेवायचं नाही. आणि सर, तंबाखू चालेल, पण थुंकायचं कुठे ते आधी बघा. विडी-सिगरेट तर बाल्कनीत अजिबात नाही.

हा शेवटचा नियम नुसता शिस्तीचा नाही. २३ मार्च २००६च्या पहाटे जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' या जहाजावर एका बाल्कनीत आग लागली. बहुधा न विझलेल्या सिगरेटमुळे लागलेली ती आग बाल्कन्यांमधल्या प्लॅस्टिकच्या आडभिंतींवरून आणि खुर्च्यांवरून मजल्यामागून मजले चढत गेली. एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर बाल्कनीत वापरायच्या सामानाचे आणि आगीच्या बंदोबस्ताचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले, ते २००८पासून लागू आहेत.

नकाशावर आणखी एक गोष्ट शोधावी लागते, जीवरक्षक होड्या. त्या जहाजाच्या कडेला टांगलेल्या असतात आणि त्यांच्यामागच्या खोल्यांतून समुद्राऐवजी होडीचं नारिंगी छत दिसतं. अशा खोलीच्या वर्णनात दृश्य अंशतः झाकलेलं असल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कठडा काचेचा की पत्र्याचा, हेही विचारून घ्यावं. पत्र्याचा असेल तर खुर्चीत बसलेल्या माणसाला फक्त आकाश दिसतं. शिवाय बाल्कनीच्या दाराला उंच उंबरा असतो. काकींना तो दिवसातून दहादा ओलांडायचा होता. पोराने उंची आताच विचारून ठेवतो म्हणून वहीत टिपलं. माझ्या मते त्या तासाभरातलं सगळ्यांत मोलाचं काम हेच.

होड्यांचा विषय निघाल्यावर सरांनी 'रामदास'ची आठवण काढली. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. सरांच्या वडिलांच्या पिढीतल्या मुंबईकरांकडून ती कहाणी शिराळ्यातही पोचलेली. पोराने धीर दिला: जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या सुरक्षेची कवायत सक्तीची असते. २०१२च्या 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' अपघातानंतर हा नियम कडक झाला. खोली निवडताना आपलं जमायचं ठिकाण किती जिने दूर आहे, तेही बघता येतं. ते त्याने बघितलं.

राहिला पैसा. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, दोन माणसं एका खोलीत धरून. एकट्याने जायचं तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. बंदराचे आकार, जीएसटी आणि सेवकांची बक्षिसी त्यावर वेगळी. आणि एक स्वस्त पर्याय असतो: बाल्कनीची खोली नक्की, पण कोणती ते जहाज कंपनी ठरवणार. सरांना तो आवडला होता, कारण त्यात बरेच पैसे वाचत होते. पोराने ठाम नकार दिला. पट्टी घेऊन तासभर घातलेल्या फुल्या त्या एका सहीने पुसल्या जातात, आणि मिळते ती कुणीच न निवडलेली खोली. ज्याला कुठेही चालतं त्याने ती घ्यावी. बसण्यासाठी बाल्कनी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती देऊ नये.

शेवटी दोन खोल्या उरल्या, दोन्ही मधोमध, उजव्या बाजूला, वर-खाली खोल्याच. सरांनी लिफ्टजवळची निवडली आणि नंबर स्वतःच्या अक्षरात डायरीत लिहून घेतला.

तुमच्या घरातलं कुणी असं जाणार असेल, तर पैसे भरण्याआधी खोलीचा नंबर लेखी मागा. मजल्यांचे नकाशे मागा, एकावर एक लावून त्या खोलीच्या वर काय आहे, खाली काय आहे, ते स्वतः बघा. बुकिंग करणारा नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथे बाल्कनी घेऊ नका.