शाळेच्या छपराखाली (लेखांक 6) : पत्र्याला भोक पाडताना

मे महिना उतरणीला लागला, की आमच्या बेव्हर्ली पार्क या वस्तीत छपरांच्या डागडुजीची लगबग सुरू होते. आणि अशाच एका दुपारी, एका आवारातल्या शेडवर चढलेला कारागीर जे-हुक बसविण्यासाठी सिमेंटच्या करड्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडीत असताना, पन्हळीतून ओघळणारी पिठासारखी भुकटी खालच्या सायकलींवर साचत चाललेली मी पाहिली. सायंकाळी ती खराट्याने, कोरडीच, झाडून टाकण्यात आली. शाळांच्या छपरांवरही मे महिन्यात हेच काम याच रीतीने चालते.

ज्याला आपण सरसकट सिमेंटचा पत्रा म्हणतो, आणि जो एके काळी मुंबईच्या मुलुंडमध्येही तयार होत असे, त्यात सिमेंटबरोबर दहा टक्क्यांच्या आसपास पांढरे ॲस्बेस्टॉस मिसळलेले असते. हे खनिज तंतुमय असून त्याचा तंतू उभा चिरत जातो, आणि केसाच्या विसाव्या भागाहूनही बारीक झालेला तो तंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचला, म्हणजे शरीरातील भक्षक पेशींनाही पचत नाही. तेथेच रुतून राहून तो पुढे फुप्फुसाचा कर्करोग किंवा त्याच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग यांना कारण होऊ शकतो. धड पत्र्यात हे तंतू सिमेंटने जखडलेले असतात, त्यामुळे त्याखाली बसणाऱ्या मुलाला धोका अल्प असतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण पावसाळ्यामागून पावसाळे झेलून पत्र्याचा पृष्ठभाग झिजतो. आणि करवत, ड्रिल किंवा हातोडा लागला की ते बंधन क्षणात तुटते.

सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी असा आदेश दिला, की ॲस्बेस्टॉसच्या कामगाराच्या आरोग्याचे दप्तर नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे, अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर जतन करावे. कारण हे रोग तितकी वर्षे दबा धरून बसतात. ब्रिटनच्या एका तज्ज्ञ समितीने 2013 साली वर्तविले, की तेवढ्याच धुळीने पाचव्या वर्षी बाधित झालेल्या मुलाला मेसोथेलिओमाचा आजन्म धोका तिशीत बाधित झालेल्या माणसाच्या सुमारे पाचपट असतो. ज्याच्यापुढे सर्वांत दीर्घ आयुष्य आहे, त्याच्याच नावे एकही कागद नाही, ही गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते.

अमेरिकेत 1986 च्या कायद्याने शाळांतील ॲस्बेस्टॉसची दर तीन वर्षांनी तपासणी आणि त्याच्या व्यवस्थापनाचा, पालकांस पाहता येईल असा आराखडा शाळेच्या कचेरीत ठेवणे सक्तीचे झाले. केरळच्या मानवी हक्क आयोगाने 2009 साली शाळांची अशी छपरे टप्प्याटप्प्याने उतरविण्याची शिफारस केली. आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याची विक्री कायदेशीर आहे. तरीही मुख्याध्यापकांना ठेकेदारास एवढे बजावता येईल, की काम सुट्टीतच व्हावे, पत्रा आधी भिजवावा, बोल्ट सोडवून अखंड उतरवावा, भुकटी ओल्या फडक्याने टिपावी आणि तुकडे मैदानाच्या भरावात जाऊ नयेत. आणि ज्या कपाटात मुलांच्या जन्मतारखांचे जनरल रजिस्टर कायमचे जपले जाते, त्याच कपाटात आणखी एक वही असावी : कोणत्या वर्गावर कोणता पत्रा आहे, तो कधी बसविला, आणि त्याला शेवटचे भोक कोणत्या तारखेस पाडले.