सतरंजी, घोंगडी, गालिचा: धुण्याचं शास्त्र आणि धुण्याचा हिशोब



लग्नसराई संपली की बऱ्याच गटांच्या सतरंज्या आणि जाजम भाड्यावरून परत येतात. त्यावर वरणाचे, हळदीचे डाग असतात, मांडवातली माती असते. दोन-तीन गटांच्या बैठकीत ताईंनी विचारलं, "हे नीट धुवायचं कसं? आणि आपण गावातल्या दुसऱ्यांच्याही सतरंज्या, घोंगड्या धुऊन दिल्या तर काम होईल का?" काम होऊ शकतं. पण त्यासाठी घरच्यासारखं धुऊन चालत नाही. दुसऱ्याची वस्तू हातात असते, ती बिघडली तर भरून द्यावी लागते. म्हणून आधी शास्त्र समजून घेऊ, मग पैशाचं बोलू.

१. आधी धागा ओळखा

सुती, लोकरी आणि प्लास्टिकसारखा कृत्रिम धागा, या तिघांची धुलाई वेगळी. हाताला कळलं नाही तर कडेचा एक सुटा धागा काढा, चिमट्यात धरून ताटलीवर जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख झाली तर सुती. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. धागा वितळून त्याची कडक गोळी झाली तर कृत्रिम.

२. पाण्याआधी झटका

सगळ्यात जास्त घाण ही कोरडी माती असते. ती न काढता पाणी घातलं की चिखल होतो आणि धाग्यात मुरतो. शिवाय बारीक वाळू चालताना धागा कापत राहते, त्यामुळे सतरंजी मध्येच विरते. म्हणून सतरंजी बांबूवर उलटी टाका, मागच्या बाजूने काठीने झोडपा, मग दोन्हीकडून झाडा. तोंडाला ओढणी बांधायला विसरू नका. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्या ताईंना हे काम देऊ नये.

३. रंगाची परीक्षा

पांढरा कपडा साबणाच्या पाण्यात भिजवून प्रत्येक रंगाच्या पट्ट्यावर दोन मिनिटं दाबून धरा. कपड्याला रंग लागला तर ती वस्तू भिजत घालू नका. नाहीतर लाल पट्टा पांढऱ्यात उतरतो, आणि उतरलेला रंग परत निघत नाही.

४. सुती सतरंजी

साध्या पाण्यात कपड्याची पावडर विरघळवून अर्धा तास भिजवा. पावडर थेट सतरंजीवर टाकू नका. ब्रश पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवा. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कारण राहिलेला साबण चिकट असतो आणि त्यावर धूळ लवकर बसते. पाण्याची टंचाई असेल तर शेवटच्या खळबळण्याचं पाणी पुढच्या सतरंजीच्या पहिल्या धुण्याला वापरा.

५. घोंगडी

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. लोकरीच्या धाग्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. गरम पाणी, सोडा आणि जोरात चोळणं, यांनी ते एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आकसून जाड होते. एकदा आकसली की पहिल्यासारखी होत नाही. म्हणून गार पाणी, थोडा सौम्य साबण किंवा शाम्पू, आणि हाताने फक्त दाबायचं. आपटायचं नाही, पिळायचं नाही. धुण्याचा सोडा आणि ब्लीचिंग पावडर लोकरीला अजिबात लावायची नाही, लोकर खाल्ली जाते.

घोंगडी विणताना धाग्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी धुतली की खळ निघते आणि ती मऊ पडते. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

६. गालिचा

मागे रबरासारखा थर चिकटवलेला गालिचा पाण्यात बुडवू नका. आत पाणी राहतं, वास येतो, थर सुटतो. झटकून फक्त वरून ओल्या फडक्याने आणि साबणाच्या फेसाने पुसा.

७. डागांचं

- हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. घाबरू नका. धुऊन उन्हात ठेवा, ऊन हळद उडवतं.
- रक्ताचा डाग गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.
- तेल-तुपावर आधी कोरडं पीठ टाकून ठेवा, तेल शोषलं की झटका, मग साबण.
- चिखल वाळू द्या, झटका, मगच पाणी.

एक गोष्ट कधीच करू नका: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र करणं. त्यातून विषारी वायू निघतो, तो फुप्फुसाला इजा करतो.

८. वाळवणं आणि ठेवणं

ओली सतरंजी एका दोरीवर टाकली की वजनाने ताणून वाकडी होते. दोन-तीन बांबूंवर किंवा खाटेवर पसरा. घोंगडी सावलीत, आडवी वाळवा. दमट राहिली तर बुरशी धरते, म्हणून सकाळी लवकर धुवा. घडी रोज त्याच जागी पडली तर तिथे धागा तुटतो, त्यापेक्षा गुंडाळून ठेवा. लोकरीला कसर लागते, म्हणून महिन्यातून एकदा उघडून झटका आणि ऊन दाखवा. डांबरगोळ्या ठेवल्या तर लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, त्या विषारी असतात.

९. आता हिशोब

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. एका मोठ्या सतरंजीला पावडर २० रुपये, ने-आण २० रुपये, टब-ब्रशच्या झिजेसाठी १० रुपये. खर्च झाला ५० रुपये. १०० रुपये घेतले तर आपल्याला वाटतं ५० सुटले. पण दोन ताईंनी दीड-दीड तास दिला, म्हणजे ३ तास. ५० भागिले ३, तासाला १७ रुपयेसुद्धा पडत नाहीत! तासाला ५० रुपये मजुरी धरली तर मजुरीच १५० होते, एकूण २०० रुपये. म्हणजे २५० दर ठेवला तरच गटाला ५० रुपये उरतात. आपले कष्ट आपणच फुकट धरले तर गिऱ्हाईक का मोजेल?

गिऱ्हाइकाची वस्तू घेतानाच वहीत लिहा: नाव, तारीख, धागा कोणता, आधीची भोकं आणि डाग कुठे. मोबाईलवर फोटो काढा आणि सही घ्या. पंचसूत्रीत आपण नियमित लेखे म्हणतो, ते इथेही लागू आहे.

मशीनसाठी लगेच कर्ज काढू नका. आधी गटाच्याच सतरंज्यांवर हात बसवा, मग शेजारची पाच-सहा कामं करा, तीन महिन्यांचा हिशोब ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. आकडे बोलले तर कर्जाचा ठराव घेता येईल. घोंगडीची कामं मात्र सगळ्यात शेवटी, हात तयार झाल्यावरच घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या सतरंजीचा एक सुटा धागा आणा. सगळ्या मिळून जाळून बघू आणि ओळखू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक