पायातली सुई आणि छातीतली धास्ती

पायांच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स, इंजेक्शनने बुजवता येतात हे कळले तेव्हा मला काळजी वाटली ती फुप्फुसांची. पायातले रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून थेट तिथेच जाते. मग पॉलिडोकॅनॉलसारखे औषधही तिथे पोचणारच!

पोचते, पण रक्तात मिसळून त्याचा जोर ओसरतो. हवेत घुसळून त्याचा फेस केलेला असेल, तर बुडबुडे बहुधा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत विरतात. कुणाला थोडा वेळ खोकला येतो, छाती जड वाटते. मात्र दर चौघांतल्या सुमारे एकाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासून बारीक फट असते. तिच्यातून बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. म्हणून एका वेळी फेस साधारण १० मिलिलिटरपर्यंतच ठेवतात.

खरी भीती गुठळीची. खोल शिरेत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. हे क्वचित घडते, पण घडते. पूर्वी गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे. सुईनंतर सांगतील तसे चालावे, घट्ट मोजे घालावेत. पुढच्या दिवसांत अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर तडक रुग्णालय गाठावे.

बँकेत मी खातेदारांना सांगत असे, सहीआधी कागद वाचा. संमतिपत्रकालाही तोच नियम.