१६ मिलिमीटरच्या खिडकीतून अख्खे हृदय कसे दिसणार?

कल्याण : दुर्गाडी पुलावरून अख्खी खाडी एका फोटोत मावत नाही, मग आपण पॅनोरमा काढतो. ‘मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग’लाही तेच करावे लागते. रक्तात सोडलेले लोह-ऑक्साइडचे सूक्ष्म कण टिपणारे, क्ष-किरण न लागणारे हे तंत्र हॅम्बुर्गच्या फिलिप्स प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये मांडले.

चुंबकीय क्षेत्र जिथे शून्य होते, तो बिंदू वेगाने फिरवून चित्र तयार होते. स्थिर क्षेत्राचा उतार मीटरला २.५ टेस्ला आणि बिंदू फिरवणारे क्षेत्र २० मिलिटेस्ला धरले, तर खिडकी जेमतेम १६ मिलिमीटर. हृदय मुठीएवढे! फिरवणारे क्षेत्र वाढवावे, तर नसा उत्तेजित होतात, शरीर तापते. म्हणून दुसरे, संथ क्षेत्र ती खिडकीच सरकवते. तुकडे संगणक जोडतो. पण तुकडे वाढले की वेळ वाढतो, आणि खाडीसारखे हृदय स्थिर नसते.

डॉक्टर लिहून देतात तो ‘एमआरआय’ वेगळा. हे तंत्र अजून संशोधनातच आहे.