'नको'च्या आधी 'मी'

स्पॅनिशमध्ये 'सांग' म्हणायला एक अक्षर पुरतं: 'दी'. 'ठेव' म्हणजे 'पोन', 'ये' म्हणजे 'बेन'. अशी आठ आखूड, नियमाला न जुमानणारी आज्ञार्थी रूपं वर्गात चटकन पाठ होतात. मग नकाराचा धडा आला की पोरं त्यांच्यापुढे नुसता 'नो' लावून मोकळी. 'नो दी', 'नो पोन'. अर्थ कळतो, पण तसं कुणी बोलत नाही. 'तू'ला दिलेली आज्ञा नकारात आली की तिथे सबजंक्टिवचं रूप लागतं. मराठी माणसाने यावर कुरकुर करू नये. आपणही 'सांग नको' कुठे म्हणतो?

फळ्यावर मी एवढंच करून घेते: मूळ क्रियापद विसरा, 'मी'चं रूप आठवा. 'पोनेर'चं 'पोंगो'. शेवटचा 'ओ' काढा, 'आस' लावा: 'नो पोंगास'. 'देसीर'चं 'दीगो', म्हणून 'नो दीगास'. 'आर'वाल्या क्रियापदांना मात्र 'एस' लागतो. बाकांवर ओठ हलताना दिसतात: 'तेंगो... तेंग... नो तेंगास'. अनियमित म्हणून बदनाम झालेली बहुतेक क्रियापदं या वाटेने गुमान रांगेत येतात.

येत नाहीत ती सहा. त्यांच्या 'मी'च्या रूपातून काही निघत नाही: 'दोय', 'बोय', 'सोय', 'एस्तोय', 'से', 'ए'. तिथे घोकंपट्टीच: 'नो देस', 'नो बायास', 'नो सेआस', 'नो एस्तेस', 'नो सेपास'. सहावं आज्ञेत कुणी वापरत नाही. पुस्तकं यादी पुरी करायला ते छापतात, मी फळ्यावर लिहीतच नाही.

खरी फजिती सर्वनामांपाशी होते. 'मला ते सांग' हे 'दीमेलो', सगळं एकाच शब्दात, क्रियापदाच्या शेपटीला. नकार आला की ती शेपटी सुटून पुढे येते: 'नो मे लो दीगास'. रूप बरोबर जमलेली मुलंही इथे 'नो दीगासमेलो' म्हणून बसतात. कागदावर चुकत नाहीत, बोलताना चुकतात. म्हणून या धड्याला मी वह्या मिटायला लावते आणि आधी 'नो मे दीगास' शिकवते. शब्दशः 'मला सांगू नकोस', पण स्पॅनिश माणूस ते 'काय सांगतेस!' अशा थाटात म्हणतो. कुणाची सुट्टी मंजूर झाली, कुणाचं लग्न ठरलं की वर्गभर तेच ऐकू येतं, आणि त्यात 'मे' कधीही मागे राहत नाही.